पॅरिसमध्ये क्रोसाँ शिकताना

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई पॅरिसला होतो. लूव्र, आयफेल टॉवर सगळं पाहिलं, पण मला खरी ओढ होती ती तीन तासांच्या क्रोसाँच्या, म्हणजे लोण्याचे थर देऊन भाजलेल्या खुसखुशीत फ्रेंच पावाच्या, वर्गाची. सकाळी नऊला स्वेटर घालूनच बाहेर पडलो. या कामाला असा गारवाच लागतो, हे पुढे तासाभरात कळलं.

आम्ही आठ जण होतो. बाईंनी आदल्या रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलेला मैद्याचा गोळा काढला आणि लोण्याची चौकोनी वडी कागदात गुंडाळून लाटण्याने बडवायला सांगितली. लोणी गार हवं, पण वाकवल्यावर मोडता कामा नये. साध्या फ्रेंच लोण्यात 82 टक्के स्निग्धांश असतो, या कामासाठीच्या लोण्यात 84. पाणी कमी, म्हणून ते चिरत नाही. पीठ आणि लोणी बोटाने दाबलं की दोन्ही सारखीच घट्ट लागायला हवीत. सगळं कसब यातच आहे.

लोणी पिठात बंद करून लाटायचं, तीन पदरी घडी, फ्रिज, पुन्हा लाटणं. अशा तीन घड्या झाल्या की लोण्याचे सत्तावीस थर होतात. आई बघता बघता म्हणाली, “अगं, हा तर साटाच की!” खरंच, चिरोट्यांच्या पोळ्यांना तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतो, त्याचंच हे भावंड. चिरोट्याचे पदर कढईत सुटतात, इथे भट्टीत पाण्याची वाफ होऊन ती थर उचलते. आईने हातवारे करून बाईंना चिरोटे समजावले, तर त्यांनी वही काढून लिहून घेतलं!

दुसऱ्या घडीला मी रेंगाळले. लोणी मऊ पडून पिठात मुरलं आणि त्या बाजूचे क्रोसाँ पावासारखे झाले. तेव्हा लाटताना पीठ चिकटायला लागलं की हट्ट करू नका, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. आकार दिल्यावर फुगायला ठेवतानाही फार ऊब देऊ नका, लोणी वितळून बाहेर येतं.

जाणाऱ्यांनी नोंदणी करताना आधी विचारावं की पीठ स्वतः मळायला मिळेल का. छोट्या वर्गात बहुधा तयारच मिळतं, कारण त्याला रात्रभर मुरावं लागतं. ईस्टरचा सोमवार, 1 मे आणि 8 मे या सुट्ट्या आहेत, त्या टाळा. शाकाहारी असाल तर मूसचे (फेटून हलक्या केलेल्या क्रीमचे) केक शिकवणारा वर्ग नीट चौकशी केल्याशिवाय घेऊ नका, त्यात बऱ्याचदा जिलेटिन असतं. क्रोसाँच्या पिठात सहसा अंडं नसतं, वरून मात्र लावतात. आम्ही आधी कळवलं होतं, म्हणून आईच्या ट्रेला दूध लावलं. अंगठ्या खोलीवरच ठेवा. आणि वर्ग सहलीच्या सुरुवातीलाच घ्या, म्हणजे पुढे रोज बेकरीत क्रोसाँ कापून आतली जाळी बघावीशी वाटते. पाटीवर ‘ओ बर’ लिहिलं असेल तर ते लोण्याचे.

क्रोसाँसारख्या पदार्थांना फ्रेंचमध्ये ‘व्हिएन्वाझरी’, म्हणजे व्हिएन्नाचे, म्हणतात. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाने 1830 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या र्‍यू द रिशलिएवर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथून ही आवड पसरली. वर्गानंतर आम्ही र्‍यू माँतोर्गेयवर 1730 पासून चालू असलेल्या स्तोरेर या केक-पेस्ट्रीच्या दुकानात गेलो. तिथे आईने काउंटरवरची प्रत्येक वस्तू निरखून पाहिली.

पुण्यात हे करायचं तर डिसेंबर-जानेवारीत, सकाळी लवकर. घरचं ताजं लोणी नको, त्यात पाणी फार. बाजारचं बिनमिठाचं बटर घ्या.

परतल्यावर आईने साटा लावलेली चिरोट्यांची गुंडाळी कापण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली. पदर इतके मोकळे सुटले की तिने पहिला चिरोटा उजेडात धरून मला दाखवला.