सकाळी चिखल, संध्याकाळी वाळवंट

माझ्या उजव्या पायाची सँडल भिगवणच्या चिखलात आहे आणि ती तिथेच राहणार आहे.

ठरलं होतं ते असं: सकाळी भिगवणला, उजनी धरणामागे तुंबलेल्या भीमेच्या पाण्यात, माझे फ्लेमिंगो; संध्याकाळी त्याच नदीच्या काठी, पंढरपूरला, आईचा विठोबा. पुण्याहून पहाटे साडेचारला निघालो. पक्ष्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. होते, भरपूर होते आणि त्यांच्याभोवती तितकेच कॅमेरे होते. शेजारच्या होडीतले एक काका "जरा उडव की रे त्यांना" म्हणून नावाड्याच्या मागे लागले होते. त्यांना उडतानाचा फोटो हवा होता. माझं डोकं फिरलं. आमच्या नावाड्याला म्हटलं, दादा, वरच्या अंगाला नेता का, जिथे हे लोक नसतील?

"वर पाणी न्हाई ताई. निस्ता गाळ हाय."

मी हट्ट धरला. वीस मिनिटांत होडी रुतली.

त्यांनी बांबू टाकला. तो हातभर पाण्यातून गेला आणि नंतर खाली जातच राहिला. वर ओढला तेव्हा कमरेच्या उंचीपर्यंत काळाभोर लेप बसला होता, कुंभाराच्या चाकावरच्या मातीसारखा मऊ. खडा नाही, कण हाताला लागत नाही, आणि वास असा की विचारू नका. होडी हलकी व्हावी म्हणून मी खाली उतरले. ते नको नको म्हणत होते. गुडघ्यापर्यंत गेले, पाय ओढला, पाय आला, सँडल नाही आली. आई मांडीवर पर्स ठेवून होडीत बसली होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

ढकलून ढकलून दमल्यावर दादा होडीच्या काठावर टेकले. "हितं आमचा मळा हुता. आज्याची विहीर त्या बाभळीच्या अंगाला." विहीर उन्हाळ्यात दिसते का, मी विचारलं. पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, ते मला ठाऊक होतं. "देऊळ दिसतंय. विहीर कशी दिसंल? बुजली की."

तोवर माझी समजूत अशी की धरणातला गाळ भिंतीच्या पायथ्याशी साचतो. उजनीची साठवण सुमारे 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला जवळपास 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचा, एरवी न वापरायचा साठा. म्हणजे गाळासाठी जागा राखूनच ठेवलीय, मग काळजी कसली? पण नदी काही गाळाची गोणी पाठीवर घेऊन थेट भिंतीपर्यंत चालत जात नाही. ती थांबलेल्या पाण्याला भिडली की वेग मोडतो, आणि वेग मोडला की जड ते आधी सुटतं. गोटे आणि जाडी वाळू फुगवट्याच्या, म्हणजे भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याच्या, शेपटाकडेच राहतात, बारीक वाळू थोडी पुढे, आणि चिकणमाती तरंगत तरंगत लांबवर जाऊन कुठेतरी बसते. पाण्याची पातळी दरवर्षी वर-खाली होते, तशी ही थरांची जागाही सरकते. म्हणजे जो साठा आपण वापरतो, त्याच्याच वरच्या टोकाला गाळ आधी हात घालतो. वर खडकवासल्यापासून डिंभ्यापर्यंत धरणांची रांग आहे. ती आपापल्या वाट्याची वाळू अडवून ठेवतात, हे उजनीचं नशीब.

काठावर मात्र त्याच गाळावर हिरवं पीक उभं होतं. गाळपेर. पाणी उतरेल तसं पेरत खाली जायचं, पावसाळ्याच्या आत काढून घ्यायचं. माती फुकटची आणि कसदार. पण पाणी केव्हा परत येईल ते आपल्या हातात नाही. मासेमारी करणाऱ्या दोघांनी शेवटी आम्हाला ओढून काढलं. त्यांच्या टोपलीत चिलापी होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या एका अनवाण्या पायाबद्दलचं हसू.

धरण पाहिलं ते गाडीतून. एकेचाळीस दरवाजे, सगळे बंद. दरवाजे असतात ते भिंतीच्या माथ्याकडे, तळाशी नाही, त्यामुळे पुरात गढूळ पाणी बाहेर पडतं, वाळू नाही. वाळू आत राहते आणि खाली जाणारं पाणी रिकाम्या हातानं निघतं. तेच पाणी मग भिंतीखालच्या तळातून, काठातून मिळेल ते उचलत जातं, आणि त्या जागी नवं काही येत नाही.

पंढरपुरातल्या लॉजबद्दल मी लिहिणार नाही असं आईला वचन दिलंय. फक्त इतकंच, की "गरम पाणी चोवीस तास" या पाटीखाली एक थंड नळ होता.

दर्शन आईला मिळालं, रांगेनं माझी कंबर मोडली. मग ती म्हणाली, वाळवंटात बसू. नदीपात्रातल्या वाळूला इथे वाळवंट म्हणतात. ती आठ-नऊ वर्षांची असताना आजीबरोबर आषाढीला यायची. रात्री कीर्तन ऐकत वाळूतच झोपायचं, अंगाखाली वाळू हळूहळू आपल्या मापाची होते म्हणे. आणि तहान लागली की झिरा. कोपरभर उकरायचं, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग येतं ते नितळ. वाळूच गाळून द्यायची.

सगळं खापर उजनीवर फोडणं खोटं होईल. वाळूचा बेसुमार उपसा झालाय, पात्रातले खड्डे सांगतात ते. उजनीच्या खाली नरसिंहपूरला नीरा नदी येऊन मिळते, पण तिच्यावरही वीर धरण आहेच. उपसलेली वाळू पूर्वी पुराबरोबर परत यायची. आता उपसा चालू आहे आणि वरून भरणारा हात धरणांत अडकलाय, एवढाच हिशेब मला लागला. नदीत पाणी होतं. पण उन्हाळ्यात इथे दिसतं ते बरंचसं धरणातून सोडलेलं.

आई पदर खोचून बसली आणि उकरायला लागली. वर बोटभर वाळू होती, खाली खडे, प्लास्टिकची पिशवी, मग काहीतरी चिकट. शेजारी एक पोरगा फुगे विकायचं सोडून बघत उभा राहिला. "आजी, काय हरवलं?"

तिनं उत्तर दिलं नाही. मूठ वर काढली, उघडली, नाकाशी नेली.

"अगं," ती मला म्हणाली, "तुझ्या सँडलचा वास."