कढई आणि टॉकिंग हेड्स

आज मावशींची सुट्टी. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, म्हणून टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडचा 'रिमेन इन लाइट' लावला. १९८० चा अल्बम, आठच गाणी. 'द ग्रेट कर्व्ह' सुरू झालं आणि कढईचा करपलेला तळ घासणारा हात आपसूक तालात आला! सहा मिनिटं कॉर्ड बदलल्यासारखी वाटतच नाही, तरी कंटाळा म्हणून नाही. आवाजावर आवाज चढत जातात आणि मध्येच एड्रियन बेल्यूची गिटार शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळते. नायजेरियाच्या फेला कुटीच्या आफ्रोबीटचं (आफ्रिकी ताल आणि फंक-जॅझ यांच्या मिश्रणाचं) ऋण पानोपानी, म्हणजे गाणोगाणी. शेवटचं 'दि ओव्हरलोड' मात्र मला अजून झेपत नाही. ते आलं की मी नळ मोठा सोडते. कढई लखलखीत झालीये. कुकर उद्या.