काम झालं, बिल अडलं: सरपंचाच्या डिजिटल सहीचा माझा अनुभव

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशाच्या कडेला. मार्च उजाडला की वरच्या वस्तीला टँकर लागायचा. मी सरपंच झाले तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीकडे जमा होता. त्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचे. आम्ही वरच्या वस्तीची गंजलेली पाइपलाइन बदलायचं ठरवलं. ग्रामसभा, आराखडा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, सगळं सुरळीत झालं. कामही झालं, मापन पुस्तिकेत नोंद झाली.

अडलं ते बिल काढताना.

पूर्वी चेकवर दोन सह्या केल्या की भागायचं. आता ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलवर ग्रामसेवक बिल तयार करतात, मग सरपंचाची डिजिटल सही लागते, तेव्हाच पीएफएमएस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या यंत्रणेतून ठेकेदाराच्या खात्यात पैसे जातात. सही म्हणजे पेनड्राइव्हसारखं टोकन. मी ते पैसे भरून करून घेतलं आणि मंजुरीसाठी पाठवलं. परत आलं.

का, ते कुणी सांगेना. ज्या कार्यालयात मंजुरी द्यायची तिथे मी चार हेलपाटे घातले. "साहेब मीटिंगला गेलेत", "सर्व्हर डाऊन आहे", "पुढच्या आठवड्यात बघू मॅडम". दर वेळी एसटीनं जायचं, दुपारपर्यंत बाकावर बसायचं आणि रिकाम्या हातानं परतायचं. पाचव्या खेपेला एका क्लार्कनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. टोकनवर माझं माहेरचं नाव, कारण पॅन कार्ड लग्नाआधीचं. पोर्टलवर सासरचं, कारण निवडणुकीचा अर्ज त्या नावानं भरलेला. एवढंच! पहिल्या दिवशी हे एक वाक्य सांगितलं असतं तर माझे सात आठवडे वाचले असते. त्या सात आठवड्यांत ठेकेदार रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचा. त्याला मजुरांचे पैसे द्यायचे होते. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटायची, आणि त्या कार्यालयाचा राग अजून गेलेला नाही.

पॅनवर नाव बदलायला विवाह नोंदणीचा दाखला लागला. आमच्या लग्नाची नोंदणीच नव्हती. ती आपल्याच ग्रामपंचायतीत होते, तीन साक्षीदार लागतात. मग पॅन दुरुस्ती, मग नवीन टोकन, पुन्हा पैसे भरून.

निवडून आलेल्या प्रत्येक बाईला माझं कळकळीचं सांगणं: शपथ घेतल्याच्या आठवड्यातच आधार, पॅन आणि निवडणुकीचं प्रमाणपत्र शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. आधीच्या सरपंचांची सही पोर्टलवरून काढली आहे का, तेही विचारा. ती तशीच असेल तर तुमची लागत नाही. टोकन आणि त्याचा पिन स्वतःकडे ठेवा, नवऱ्याकडे नाही आणि ऑपरेटरकडेही नाही. सही तुमची आहे, जबाबदारीही तुमचीच. आणि हो, काम सुरू करण्याआधीचा फोटो अक्षांश-रेखांशासह काढा. एकदा खणलं की तो फोटो परत मिळत नाही.

अखेर सही मंजूर झाली. ग्रामसेवकांसमोर बसून पिन मी स्वतः टाकला. दोन दिवसांनी ठेकेदाराचा फोन आला, "ताई, जमा झाले." टोकनची मुदत संपायची तारीख मी माझ्या डायरीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून ठेवली आहे.