हॉर्न आणि एअरबॅग

"दिवा घालवू, की फॉल्ट शोधू?" इलेक्ट्रिशियनने इतक्या सहज विचारलं, की मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा ठाण मांडून बसलेला. त्याने बिघाड वाचणारा स्कॅनर लावायच्या आधीच विचारलं, "हॉर्न नीट वाजतो का?" स्टेअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न मुका व्हायचा. याला कसं कळलं? मग स्कॅनरवर कोड आला: ड्रायव्हर एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त. म्हणजे वीज वाटेत कुठेतरी अडतेय.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गडी चहाला गेला. सिस्टीममध्ये चार्ज शिल्लक असतो, तो उतरू द्यावा लागतो म्हणे. आल्यावर स्टेअरिंग उघडून त्यामागची गोल डबी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, काढली. आत फितीसारखी चपटी केबल गुंडाळलेली. हॉर्न आणि एअरबॅग, दोघांचीही वाट तिच्यातूनच. एका घडीवर बारीकसा तडा. बस्स, एवढंच! एअरबॅग ठणठणीत होती, पण ऐन धडकेत तिला निरोप पोचलाच असता याची खात्री नाही.

"हॉर्न बंद पडला की लोक धावत येतात," तो म्हणाला. "एअरबॅगचा दिवा वर्षभर चालतो. काही जण तर म्हणतात, बल्बच काढ, गाडी विकायचीय."

जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. त्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात फिरतायत. घेताना आपण टायर बघतो, किलोमीटर बघतो. पण चावी फिरवल्यावर हा दिवा लागून विझतो का, हे कोण बघतं? (मुळात लागलाच नाही, तर जास्त घाबरा.)