‘हनी, यू आर पेंडिंग’ : जॉर्जियातलं माझं पहिलं मत

निवडणुकीचा विषय निघाला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अजूनही कुणीतरी ११,७७९ हा आकडा टाकतं. २०२० साली अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जिया राज्यात बायडन तेवढ्या मतांनी पुढे राहिले. खाली लगेच अंगठे पडतात आणि ‘एकेक मत मोलाचं’ वगैरे सुरू होतं. मला मात्र तो आकडा दिसला की एक काच आठवते, तिच्यावर सेलोटेपने डकवलेला ‘मास्क घाला’चा कागद आठवतो आणि काचेमागून आलेलं एक वाक्य : ‘हनी, यू आर पेंडिंग.’

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीची अमेरिकन नागरिकत्वाची शपथ झाली आणि तिने मला विचारलं, ‘मतदार नोंदणी सोपी असते ना गं?’ म्हणून हे लिहायला बसले.

माझी शपथ २०२० च्या जुलैत झाली. करोनामुळे सोहळे काही महिने बंदच होते, नुकते सुरू झाले होते. घरच्यांना आत सोडत नव्हते. माझा नवरा प्रसाद गाडीत एसी लावून बसला होता. वीस मिनिटांत मी नागरिकत्वाचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर आले, त्याने पार्किंगमध्ये माझा फोटो काढला. एका हातात कागदी झेंडा, दुसऱ्या हातात सर्टिफिकेट. हा फोटो लक्षात ठेवा.

त्याच संध्याकाळी मतदार नोंदणी ऑनलाइन केली. ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, झालं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. साताऱ्याला फोन करून आईला सांगितलंही, की तिकडे यादीत नाव घालायला बाबांना तीन हेलपाटे पडले होते, इथे बघ कसं सोफ्यावर बसून झालं. माझं बोलणं मलाच नडणार होतं.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं. भारतीय पासपोर्ट आता चालणार नव्हता, त्यामुळे अमेरिकन पासपोर्टची घाई होती. पहिल्या पासपोर्टच्या अर्जाला सर्टिफिकेट मूळ जोडावं लागतं. ऑगस्टच्या सुरुवातीला पोस्टात जाऊन ते खिडकीत दिलं. त्या वर्षी पासपोर्टला महिनेच्या महिने लागत होते. म्हणजे मी अमेरिकेची नागरिक आहे हे सांगणारा एकुलता एक कागद कुठल्यातरी पोत्यात होता.

आणि सप्टेंबरात काऊंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कचेरीचं, पत्र आलं. तुमची नोंदणी प्रलंबित आहे, कारण लायसन्सच्या नोंदीप्रमाणे तुम्ही नागरिक नाही. पुरावा सादर करा.

मामला असा होता. जॉर्जियात नोंदणीचा अर्ज लायसन्सच्या नोंदीशी ताडून बघतात. लायसन्स मी काढलं तेव्हा ग्रीन कार्डवर होते, त्यामुळे त्यांच्या दप्तरी मी परकीच. शपथ घेतली म्हणून ती नोंद आपोआप बदलत नाही. २०१७ च्या कायद्याने तर नावातलं अक्षर किंवा जोडरेघ इकडची तिकडे झाली तरी अर्ज अडकायचा. २०१८ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीआधी असे ५३,००० अर्ज अडकून पडले होते आणि त्यावरून रान उठलं होतं, कारण निवडणुकीचं खातं ज्यांच्या हातात होतं ते ब्रायन केम्प स्वतःच उमेदवार होते. २०१९ मध्ये कायदा सैल झाला, नावातल्या फरकाने अर्ज अडकणं थांबलं. नागरिकत्वाची पाचर तेवढी राहिली. नेमकी माझ्यासारख्यांसाठी.

(म्हणून आधी हे वाचा आणि मग पुढचं : शपथेनंतर पहिलं काम लायसन्सची नोंद बदलून घेणं. नोंदणी त्यानंतर. मी उलटं केलं.)

पत्रावरच्या नंबरला फोन केला. पन्नास मिनिटं पियानो ऐकला. मग एक तरुण मुलगा म्हणाला, सर्टिफिकेटची प्रत ईमेल केली तरी चालेल. मला हुश्श झालं, कारण फोटो होता! काढून बघितला तर माझा अंगठा बरोब्बर सर्टिफिकेटच्या नंबरावर. नख रंगवलेलं, स्वच्छ दिसतंय, नंबर गायब. तरी पाठवला. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर : अस्पष्ट आहे, सुवाच्य प्रत पाठवा.

मुळात झेरॉक्स का काढून ठेवली नव्हती, असं प्रसादने विचारलं. कारण त्या सर्टिफिकेटवरच छापलेलं असतं की कायदेशीर अधिकाराशिवाय याची नक्कल करणं, छापणं किंवा फोटो काढणं हा गुन्हा आहे. नवीन नागरिक होऊन दोन आठवडे झालेल्या बाईने ते वाचलं आणि पाळलं. आता एक सरकार सांगत होतं नक्कल कराल तर शिक्षा, दुसरं सांगत होतं नक्कल आणा. सरकारी कामासाठी झेरॉक्स काढायला काही हरकत नसते, हे मला नंतर कळलं. तुम्ही पोस्टात मूळ प्रत देण्याआधी दोन रंगीत प्रती काढून फाइलला लावा आणि निवांत झोपा.

मग मी स्वतः काऊंटीच्या ऑफिसात गेले. बाहेर जमिनीवर सहा-सहा फुटांवर पट्ट्या, माझ्या पुढे अकरा जण. काचेमागे साठीची बाई, चष्म्याला मण्यांची साखळी, आवाज अगदी गोड. या दक्षिणेकडच्या गोडव्याची गंमत अशी की ‘नाही’सुद्धा इतक्या मायेने म्हणतात की तुम्ही ‘थँक यू’ म्हणून गाडीपर्यंत पोचता आणि मग कळतं, काम झालेलंच नाही.

तिने स्क्रीनवर बघून ते वाक्य म्हटलं. मी म्हटलं, सर्टिफिकेट पासपोर्टच्या अर्जाबरोबर गेलंय, ही पोस्टाची पावती. पावती तिने उलटसुलट पाहिली. पावती हा पुरावा नव्हे. पासपोर्ट आला की या, हनी. कधी येईल? ते तिच्या हातात नव्हतं. मग मतदानाच्या दिवसापर्यंत नाही आला तर? तुमचा अर्ज २६ महिने जिवंत राहतो, ती म्हणाली, दिलासा दिल्यासारखं. सव्वीस महिने! निवडणूक सहा आठवड्यांवर होती.

निघता निघता तिने विचारलं, ‘आणि हे प्रसाद कोण?’

‘माझा नवरा.’

‘मग त्याचं नाव तुमच्या नावात कसं?’

मागे रांग वाढत होती. सहा फूट लांब उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात मी काचेतून समजावलं, की आमच्याकडे मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं, नंतर नवऱ्याचं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘आणि घटस्फोट झाला तर?’ मला हसू आलं. तिलाही आलं असावं, मास्कमुळे कळलं नाही. ‘सगळीकडे नाव एकसारखंच लिहीत जा,’ म्हणाली. तो सल्ला मात्र सोळा आणे खरा. माझ्या लायसन्सवर पूर्ण ‘प्रसाद’, नोंदणीत नुसता ‘पी’ होता.

त्यानंतर मी रोज राज्याच्या मतदार पानावर नाव टाकून बघायचे. सकाळी चहाबरोबर एकदा, रात्री निजताना एकदा. पेंडिंग. पेंडिंग. प्रसाद म्हणाला, सोडून दे, नोव्हेंबर काय पुन्हा येणार नाही का? त्याची शपथ अजून व्हायची होती, त्याला काय जातंय! माझं मात्र डोकं फिरलं होतं. साताऱ्यात लग्नाआधी दोनदा मत दिलं होतं, तेव्हा मी नागरिक आहे का असं कुणी विचारलं नव्हतं. शाई लावली नि बाहेर.

पासपोर्ट सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी आला. सर्टिफिकेट वेगळ्या पाकिटातून नंतर आलं, ते तसंच येतं, घाबरू नका. नोंदणीची मुदत ५ ऑक्टोबर होती. माझा अर्ज आधीचा होता त्यामुळे त्याची चिंता नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी उघडण्याआधीच दारात जाऊन उभी राहिले. तीच बाई. पासपोर्ट घेतला, झेरॉक्स काढली, काहीतरी टाइप केलं. ‘ऑल सेट, हनी.’ घरी येऊन पान उघडलं. पेंडिंग. पुढचे अकरा दिवस पेंडिंगच. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा पियानो. बाराव्या दिवशी सकाळी ‘ॲक्टिव्ह’ दिसलं तेव्हा मी त्याचा स्क्रीनशॉट काढला. तो अजून फोनमध्ये आहे.

बाकी मतदान ते काय, झालं. १२ ऑक्टोबरला लवकर-मतदान (मुख्य दिवसाआधीच केंद्रावर जाऊन मत देणं) सुरू झालं, त्या दिवशी अटलांटाभोवती लोक आठ-आठ तास उभे होते. मी दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी गेले, पावणेदोन तास लागले. पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची न्या. तेव्हा लोक रांगेत पाणी वाटत होते, २०२१ च्या कायद्याने मतदान केंद्राजवळ ते वाटणंच बंद केलं. टेबलावरच्या मुलीने लायसन्स स्कॅन केल्यावर स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, तेव्हा मी पर्समधून पासपोर्ट, सर्टिफिकेट आणि स्क्रीनशॉट तिन्ही बाहेर काढले. ती म्हणाली, ‘मॅम, टॅब्लेट स्लो आहे.’

मशीनवर अध्यक्षपदाची तीन नावं होती, ट्रम्प, बायडन आणि लिबर्टेरियन पक्षाच्या जो जॉर्गन्सन. सिनेटच्या एका जागेच्या पोटनिवडणुकीला मात्र वीस उमेदवार! ग्रामपंचायतीची आठवण झाली. बोटाने निवडायचं, मग प्रिंटरमधून कागद यायचा, वर क्यूआर कोड नि खाली तुमची निवड अक्षरात. तो कागद स्वतः नेऊन स्कॅनरमध्ये सारायचा. सारण्याआधी वाचा, कुणी घाई करत नाही. आपल्याकडच्या व्हीव्हीपॅटसारखा सात सेकंदांत गुडुप होत नाही. मत कुणाला दिलं ते मी प्रसादलाही सांगितलेलं नाही. शाईऐवजी पीचचं चित्र असलेला स्टिकर मिळाला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, ‘हे धुतल्यावर जातं की गं!’

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१६ साली ट्रम्प इथे दोन लाखांवर मतांनी जिंकले होते. १९९२ च्या क्लिंटननंतर डेमोक्रॅट उमेदवाराने हे राज्य घेतलं नव्हतं. निकालाच्या रात्री ट्रम्पच पुढे होते, मग टपालाची मतं मोजत मोजत शुक्रवारी पहाटे क्लेटन काऊंटीच्या आकड्यांनी पारडं फिरलं. पन्नास लाख कागद हातांनी पुन्हा मोजले. मग मशीनने तिसऱ्यांदा. शेवटी ११,७७९. जानेवारीत राज्याचे निवडणूकप्रमुख ब्रॅड राफेन्सपर्गर यांना ट्रम्प यांनी फोनवर ११,७८० मतं शोधायला सांगितलं, ती टेप निघाली तेव्हा आमच्या ग्रुपवर विनोदांचा पाऊस. मी त्यात एकच लिहिलं : मला माझं एक शोधायला महिना लागला.

५ जानेवारीला सिनेटची फेरनिवडणूक झाली, कारण इथे निम्म्याहून जास्त मतं मिळाल्याशिवाय जिंकत नाहीत. दोन्ही जागांना पुन्हा मत. त्या वेळी आत जाऊन बाहेर यायला मला बारा मिनिटं लागली.

प्रसादची शपथ २०२१ च्या उन्हाळ्यात झाली. माझी यादी फ्रिजवर चिकटवलेली होती : आधी रंगीत झेरॉक्स, मग लायसन्स, मग नोंदणी, मग पोस्ट. त्याने मुकाट्याने त्याच क्रमाने केलं. तीन आठवड्यांत त्याचं मतदार कार्ड आलं. ते माझ्यासमोर टेबलावर टाकून म्हणाला, ‘एवढं काय अवघड होतं त्यात?’