स्टेम सेल आणि लांबलेलं आयुष्य

हेंड्रिक्ये व्हान आंदेल-शिपर नावाची डच बाई 115 वर्षं जगून 2005 मध्ये वारली. देहदान आधीच करून ठेवलेलं, त्यामुळे तिच्या रक्ताचा कसून अभ्यास करता आला आणि 2014 मध्ये तो छापून आला. स्टेम सेल म्हणजे जिच्यापासून शरीराच्या नव्या पेशी बनतात ती मूळ पेशी. आपल्या अंगात रक्त बनवणाऱ्या हजारो स्टेम सेल्स कामावर असतात, आणि हिच्या रक्ताचा मोठा हिस्सा शेवटी शेवटी फक्त दोन स्टेम सेल्समधून येत होता. दोन! बाकीच्या बहुधा विभागून विभागून संपल्या. इतकी ठणठणीत बाई, तरी आतला साठा तळाला गेलेला.

मग साठा परत भरता येईल का, हा सगळा खेळ आहे. जपानच्या शिन्या यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशीत चार जीन्स घातले आणि ती पेशी उलटी फिरून स्टेम सेलसारखी झाली, 2012 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. पण पेशी पूर्ण मागे नेली की ती आपलं मूळ कामच विसरते, आणि जिवंत प्राण्यात हे केलं तर गाठी होतात, शिवाय त्या चारातला सी-मिक हा जीन तर कॅन्सरशी संबंधितच आहे. म्हणून 2016 मध्ये अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत हे जीन्स आठवड्यात दोनच दिवस चालू, पाच दिवस बंद असं करून बघितलं. उंदीर 18 आठवड्यांऐवजी साधारण 24 आठवडे जगले. भारी आहे, पण ते उंदीर अकाली म्हातारपणाच्या आजाराचे होते हे हेडलाइनमध्ये कोण सांगतं!

माणसात आज जे होतंय ते दुरुस्तीचं काम आहे. बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल्स असलेला हाडातला मगज दुसऱ्याला देणं, कित्येक दशकं चालू आहे, 2014 मध्ये जपानमध्ये एका सत्तरीतल्या बाईच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून बनवलेला रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) पेशींचा थर बसवला. याउलट अमेरिकेत एका क्लिनिकने तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या 'स्टेम सेल्स' टोचल्या आणि तिघींची नजर गेली, तेही पैसे घेऊन. गुडघ्यापासून टकलापर्यंत सगळ्यावर एकच इंजेक्शन सांगणाऱ्यांपासून मी तरी चार हात लांब राहीन.

आता समजा रक्त, डोळे, स्वादुपिंड सगळं बदलत गेलो तरी मेंदूचं काय करायचं? पार्किन्सन्स या कंपवाताच्या आजारासाठी डोपामिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मेंदूत बसवून बघतायत, ते ठीक, पण सगळ्याच पेशी नव्या घातल्या तर आठवणी जुन्या पेशींबरोबरच जाणार ना, मग 150 वर्षं जगलं ते नक्की कोण? तिथे आहे त्याच पेशी तिथल्या तिथे थोड्या तरुण करणं एवढंच हातात उरतं, म्हणून माझा डोळा नव्या अवयवांपेक्षा त्या दोन दिवस चालू, पाच दिवस बंदवाल्या उंदरांवर जास्त आहे.