आमची वाटचाल : तत्त्व सांभाळून पैसा मिळतो, पण उशिरा

२००६ साली कोल्हापुरात आम्ही नवरा-बायकोनं म्युच्युअल फंड वितरणाचं काम सुरू केलं. तेव्हा ग्राहकाच्या रकमेतून साधारण सव्वादोन टक्के एन्ट्री लोड कापला जायचा आणि त्यातून आमचं कमिशन यायचं. १ ऑगस्ट २००९ पासून बाजार नियामक सेबीनं तो बंद केला. ओळखीतले बरेच जण युलिप, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या लांब मुदतीच्या योजना, विकायला लागले. तिथं पहिल्याच हप्त्यावर घसघशीत कमिशन होतं. ज्याला दोन-तीन वर्षांत मुलीच्या लग्नाला पैसे लागणार, त्याच्या गळ्यात युलिप मारणं आम्हाला पटेना. ती वर्षं ओढाताणीची गेली. घरखर्च हिच्या शिकवण्यांवर चालला.

उरलं ते ट्रेल कमिशन. ग्राहकाचा पैसा फंडात आहे तोवर त्या रकमेवर दरवर्षी थोडी टक्केवारी मिळते. सुरुवातीला ती नगण्य असते. ग्राहक टिकला आणि त्याची रक्कम वाढली, तरच आमचं उत्पन्न वाढतं. त्या काळात जोडलेली माणसं टिकली, म्हणून आज ऑफिसातल्या मुलांचे पगार वेळेवर होतात. २०१३ पासून आलेले, वितरकाशिवाय थेट घ्यायचे डायरेक्ट प्लॅन स्वस्त पडतात, हेही आम्ही नव्या ग्राहकाला आधीच सांगतो. काही जण तिकडे जातात. जाऊ देत.

२०१९ मध्ये निपाणीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांच्या आईचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला होता. ग्रॅच्युइटीचा चेक पुढं ठेवून म्हणाल्या, “यातला एक रुपयाही तंबाखूत नको.” निफ्टी निर्देशांकातल्या कंपन्यांत पैसा लावणाऱ्या फंडाचं माहितीपत्रक काढून मी कंपन्यांच्या यादीवर बोट फिरवत गेलो. सिगारेट बनवणारी आयटीसी त्यात होतीच. बाई म्हणाल्या, “म्हणजे मला न विचारताच?”

तेव्हापासून ‘पैसा कुठं नको?’ हा प्रश्न आमच्या फॉर्मवर आहे. तंबाखू, दारू, जुगार वगळणारा निफ्टी १०० ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघणारा) निर्देशांक आहे, ईएसजी फंडही आहेत. पण नुसत्या नावावर आम्ही विसंबत नाही. सत्यम या आयटी कंपनीला २००८ मध्ये उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला आणि ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी खोट्या हिशेबांची कबुली दिली. म्हणून फंडातल्या मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल आम्ही स्वतः चाळतो. प्रवर्तकांनी किती शेअर गहाण टाकलेत, ऑडिटरनं काय शेरा मारलाय, घरच्याच कंपन्यांशी व्यवहार किती, हे आधी बघतो. पर्यावरणाची पानं त्यानंतर. सेबीनं शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानं पहिल्या हजार कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केल्यापासून कामगार आणि प्रदूषणाचे आकडेही हाताशी येतात.

परतावा कमी मिळेल का, असं सगळेच विचारतात. एखाद्या वर्षी सिगारेटची कंपनी जोरात चालेल, तुमचा फंड मागं राहील. ते सोसणार असाल तरच सही करा, असं आम्ही सांगतो. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला, तेव्हा या ग्राहकांपैकी कुणीही पैसे काढायला आलं नाही.